न बघता दिलेली सही

खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं, की आतलं हेलिकॉप्टर उडण्यासाठी जवळजवळ तयार आहे. दादांचं डोकं फिरलं ते त्या 'जवळजवळ'वर.

खोकं मुलीनं पाठवलं होतं. वडील निवृत्त होऊन वर्ष होत आलं, दिवसभर आईच्या मिक्सरचे आणि शेजाऱ्यांच्या दारांचे स्क्रू आवळत फिरतात, त्यांच्या हातांना एखादा उद्योग मिळावा, एवढाच तिचा विचार. त्यात भांडणाला जागा असेल असं तिच्या मनातही आलं नव्हतं. पण दादा भांडणासाठी कुणाकडे जागा मागत नाहीत, स्वतःची घेऊन येतात. त्यांनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला, ते वाक्य दोनदा वाचलं आणि वहिनींना स्वयंपाकघरातून बोलावून विचारलं, लिफ्टचं दार जवळजवळ बंद झालंय असं कुणी सांगितलं तर तू आत पाय ठेवशील का? वहिनी म्हणाल्या, मी जिन्यानं जाईन, आणि गॅसवर दूध आहे म्हणून परत आत गेल्या.

दादा बत्तीस वर्षं लिफ्टचे फिटर होते. उंच इमारतीच्या डोक्यावर, पाण्याच्या टाकीशेजारी, एक बुटकी खोली असते. तिच्यात मोटार असते, ब्रेक असतो, जाडजूड दोर असतात, आणि उन्हाळ्यात अंगाची लाही लाही होते. खालून वर जाणाऱ्या माणसाला या खोलीचा पत्ताही नसतो. तो आरशात केस नीट करत असतो. अशा खोल्यांत दादांची उमेदीची वर्षं गेली. हाताखालच्या माणसानं नट आवळला की दादा आपला पाना लावून तो पुन्हा आवळून बघायचे. 'झालं' हा शब्द त्यांच्या कानाला खपायचा नाही. "परत पाहू," एवढंच ते म्हणायचे, म्हणून पाठीमागे सगळे त्यांना परतपाहू म्हणायचे. हे त्यांना माहीत होतं आणि त्याचा त्यांना राग नव्हता. ज्यांचा राग येत नाही अशा त्यांच्या मोजक्या गोष्टींपैकी ती एक होती.

तर खोकं जेवणाच्या टेबलावर उघडलं गेलं आणि पुढचे पाच आठवडे ते टेबल घराला परत मिळालं नाही. माहितीपुस्तकाप्रमाणे काम दोन संध्याकाळींचं होतं. मधला सांगाडा आणि वरची पात्यांची मूठ कारखान्यातूनच जोडून आलेली. आपण फक्त शेपटीची नळी बसवायची, खालचे पाय लावायचे, छोट्या मोटारी जागेवर ठेवायच्या, वायरी खोचायच्या, पाती अडकवायची. दादांनी पुस्तक मिटलं आणि कारखान्यानं जोडलेलं सगळं आधी सुटं केलं.

वहिनी टीव्हीसमोर मांडीवर ताट घेऊन जेवत होत्या. त्यांनी विचारलं, जोडलेलं का उघडताय? दादा म्हणाले, कुणी जोडलंय? त्याचं नाव सांग, तोंड दाखव, मग बघतो. चौऱ्याण्णव स्क्रू निघाले. प्रत्येक स्क्रू स्पिरिटनं पुसायचा, त्याच्या आट्यांना निळ्या औषधाचा थेंब लावायचा म्हणजे थरथरीनं तो सैल होत नाही, जागेवर आवळायचा आणि डोक्यावर पांढऱ्या रंगाची बारीक रेघ मारायची. रेघ मोडलेली दिसली तर स्क्रू हललाय. चौऱ्याण्णवपैकी अकरा स्क्रूंना औषधाचा वासही लागला नव्हता. त्यातले दोन थेट पात्यांच्या मुठीतले. ही पाती मिनिटाला दीड-दोन हजार वेळा फिरतात, हाताच्या बोटाला गाजरासारखं तोडतात, आणि त्यांना धरून ठेवणारा स्क्रू कोरडा ठणठणीत. दादांनी ते अकरा स्क्रू बशीत वेगळे काढले आणि घरी येणाऱ्या प्रत्येकाला दाखवले. गॅसचा सिलिंडर आणणाऱ्यालाही दाखवले. तो बिचारा हो हो म्हणाला.

पण एक सांगितलं पाहिजे, रागाच्या भरात हा माणूस सुखात होता. मोटारीचं दातेरी चाक मोठ्या चाकाला किती चिकटून बसवायचं, तर दोघांच्या मध्ये कागदाची एक पट्टी घालून. ती पट्टी चुरगळून बाहेर आली पण फाटली नाही, तर अंतर बरोबर. या युक्तीवर दादा इतके खूश झाले की त्यांनी ती पट्टी वहिनींच्या हातात दिली, एखादं पत्र द्यावं तशी. जुन्या कॉम्प्युटरवर उडवण्याचा सरावही सुरू झाला. पडद्यावरचं हेलिकॉप्टर पहिल्या आठवड्यात त्यांनी दोनशे वेळा आपटलं. तिसऱ्या महिन्यात ते एका जागी तरंगायला लागलं तेव्हा दादा खुर्चीतून उठले, खिडकीपर्यंत गेले आणि परत येऊन बसले. आता त्यांना ते खरोखर उडवायचं होतं. बत्तीस वर्षं त्यांनी माणसांना वर नेणारी यंत्रं सांभाळली, पण त्यातलं एकही दोरावाचून वर गेलं नव्हतं.

शहराच्या कडेला, बंद पडलेल्या शीतगृहामागे, एक मोकळं मैदान आहे. रविवारी सकाळी तिथे हौशी मंडळी आपापली विमानं आणि हेलिकॉप्टरं घेऊन येतात. त्यांचा एक क्लब आहे आणि क्लबाचा एक नियम आहे, जो दादांना वाचल्या वाचल्या आवडला. नवीन यंत्र पहिल्यांदा उडवण्याआधी, ते ज्यानं जोडलं त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणीतरी ते तपासायचं, आणि मग त्याच्या पोटावर हिरवी चिठ्ठी चिकटवून सही करायची. दादा वहिनींना म्हणाले, चला, जगात कुठेतरी शहाणी माणसं आहेत म्हणायची.

क्लबाचे तपासनीस म्हणजे एक दातांचे डॉक्टर. गोरेपान, हसतमुख, सगळ्यांचे लाडके. दादांनी हेलिकॉप्टर टेबलावर ठेवलं, शेजारी चौऱ्याण्णव स्क्रूंची यादी ठेवली, पाने आकाराप्रमाणे मांडले आणि हात मागे बांधून उभे राहिले. डॉक्टर थर्मासातला चहा कपात ओतत आले. त्यांनी यंत्राकडे लांबूनच कौतुकानं पाहिलं, खिशातून हिरवी चिठ्ठी काढली, सही केली, चिकटवली आणि दादांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, की तुम्ही लिफ्टवाले, तुमचं काय तपासायचं. या सगळ्यात त्यांच्या कपातला चहासुद्धा हिंदकळला नाही.

दादांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी ती चिठ्ठी नखानं सोलून काढली, चार बोटांनी धरून डॉक्टरांपुढे केली आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "डॉक्टर, माझा दात दुखत असता तर माझं तोंड न उघडताच औषध दिलं असतं का?"

आजूबाजूचे हसले. डॉक्टर हसले नाहीत. त्यांना भर मैदानात कुणी असं बोललं नव्हतं. त्यांचा चेहरा उतरला. सेक्रेटरी मध्ये पडले. त्यांचं म्हणणं असं, की डॉक्टरांनी विश्वास दाखवला, आभार मानायचे सोडून हे काय? दादा म्हणाले, मला विश्वास नकोय, मला तपासणी हवी आहे. विश्वास मी घरून घेऊन आलोय, तो भरपूर आहे. सेक्रेटरींनी मग सरळ सांगितलं, चिठ्ठी लावा आणि उडवा, नाहीतर उडवू नका. दादांनी यंत्र उचललं, गाडीच्या मागच्या सीटवर ठेवलं, त्याला पट्टा लावला आणि घरी आले.

पुढचे तीन रविवार हाच खेळ झाला. दादा जायचे, हेलिकॉप्टर टेबलावर ठेवायचे, घडीच्या खुर्चीत बसायचे आणि कुणी तपासतंय का याची वाट बघायचे. डॉक्टर त्यांच्या बाजूला फिरकायचे नाहीत. बाकीचे लांबून नमस्कार करायचे. दुपारी ऊन चढलं की दादा सगळं आवरून परत. दुसऱ्या रविवारी कुणीतरी म्हणालं, परतपाहू घाबरतोय, त्याला उडवायचंच नाहीये. हे नाव इथपर्यंत कसं पोचलं कोण जाणे. ते दादांच्या कानावर गेलं आणि चांगलंच झोंबलं. कारण घाबरट म्हणणं ही एक गोष्ट, पण यांना उडवायचंच नाही असं म्हणणं म्हणजे चक्क खोटं. रात्री डोळे मिटले की त्यांना पाती फिरताना दिसत होती.

वहिनींनी शेवटी विचारलं, "अहो, तुम्हाला ते उडवायचंय की भांडायचंय?"

"दोन्ही," दादा म्हणाले.

त्यांनी क्लबाच्या कमिटीला पत्र लिहिलं. तीन पानं. पहिल्या पानावर नियमाचा मजकूर, दुसऱ्यावर न बघता दिलेल्या सह्यांनी काय होऊ शकतं त्याचं वर्णन, तिसऱ्यावर नुसता संताप. वहिनींनी तिसरं पान काढून ठेवा असं सुचवलं. दादांनी दुसरं काढलं.

पत्राचा परिणाम असा झाला, की एका बुधवारी दुपारी डॉक्टर स्वतः दारात उभे राहिले. डोक्याला दवाखान्यातला दिवा, हातात भिंग, चेहऱ्यावर आठ्या. त्यांनी चपला काढल्या, पाणी नको म्हणाले आणि अट घातली. आपण एक तास हे यंत्र तपासणार. त्यात काही निघालं नाही तर रविवारी दादांनी सगळ्यांसमोर डॉक्टरांची माफी मागायची. दादांनी क्षणाचाही विचार केला नाही. ते कबूल म्हणाले, टेबलावरचा फडका काढला आणि हाताची घडी घालून कपाटाला टेकले. त्या घडीत असा तोरा होता की वहिनींना डॉक्टरांची दया आली.

डॉक्टरांनी मनावर घेतलं की ते कसे बघतात हे त्या दिवशी दिसलं. एक एक रेघ त्यांनी दिव्याखाली धरली. पात्यांचं वजन सारखं आहे का ते तोलून पाहिलं. चाकाच्या दात्यांवरून नख फिरवलं. प्रत्येक वायर ओढून पाहिली. चाळीस मिनिटं झाली. बोट ठेवायला जागा मिळेना. डॉक्टरांच्या कपाळावर घाम आला आणि दादांच्या मिशीखाली हसू. वहिनी चहा घेऊन आल्या, तर डॉक्टरांनी कपाकडे बघितलंही नाही.

मग त्यांनी बॅटरी जोडली आणि रिमोट हातात घेतला. या यंत्राच्या पोटात काड्यापेटीएवढी एक डबी असते, तिला जायरो म्हणतात. वाऱ्यानं किंवा झटक्यानं नाक एका बाजूला ढळलं, की ती शेपटीला सांगते, दुसऱ्या बाजूला ढकल, म्हणजे यंत्र सरळ राहतं. डॉक्टर यंत्राच्या मागे उभे राहिले. रिमोटची कांडी त्यांनी डावीकडे ढकलली, म्हणजे नाक डावीकडे वळव असा हुकूम. शेपटीच्या मोटारीचा दांडा मागे सरकला. ठीक. मग रिमोट खाली ठेवून त्यांनी हातानं यंत्राचं नाक डावीकडे फिरवलं. दांडा पुन्हा मागेच सरकला. त्यांनी परत फिरवलं. परत मागे.

"दादा," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "नाक डावीकडे ढळलं, तर हिनं विरोध करायला हवा. ही तर साथ देतेय."

दादा म्हणाले, शक्य नाही. चार वेळा तपासलंय. पुस्तकात लिहिलंय तसंच केलंय, नाक डावीकडे वळवलं की दांडा पुढे सरकायला हवा, नाही सरकला तर डबीवरची बारीक कळ उलटी करा. नव्हता सरकत, म्हणून केली. डॉक्टर म्हणाले, मला करून दाखवा. दादा तरातरा टेबलाला वळसा घालून यंत्राच्या पुढ्यात आले, नाकासमोर उभे राहिले आणि त्यांनी ते आपल्या डाव्या हाताला फिरवलं. दांडा पुढे सरकला. दादांनी विजयानं वर पाहिलं.

"तुम्ही समोर का उभे राहिलात?" डॉक्टरांनी विचारलं.

"मग कुठे राहू? मशीनच्या समोरच उभं राहतात."

बोलून झालं आणि त्यांचं तोंड तसंच उघडं राहिलं. लिफ्टच्या खोलीत मोटारीच्या मागे भिंत असते. बत्तीस वर्षं ते मशीनच्या समोर उभे राहिले होते आणि डावं-उजवं म्हणजे आपलं डावं-उजवं, एवढंच त्यांना ठाऊक होतं. हे यंत्र मागे उभं राहून उडवायचं असतं. त्याचं डावं ते त्याचं डावं. चार वेळा त्यांनी तपासलं ते खरं, पण चारही वेळा त्याच फरशीवर उभं राहून.

जमिनीवरून पाय सुटले असते त्या क्षणी हे हेलिकॉप्टर भोवऱ्यासारखं गरगरलं असतं, आपटलं असतं आणि पाती उडून दहा पावलांवर उभ्या माणसांत गेली असती, हे दोघांनाही कळत होतं. डॉक्टर खुर्चीत बसले. ते चांगलेच पांढरे पडले होते. त्यांनी यावर सही केली होती. दादांनी ती सोलून काढली नसती तर ती आजही त्याच्या पोटावर असती. आणि मैदानावरच्या आणखी कितीतरी पोटांवर त्यांच्या सह्या होत्याच.

मग गार झालेला चहा पिता पिता, सहज विचारावं तसं, डॉक्टरांनी विचारलं, "कामावर असताना तुमचं काम कोण तपासायचं?"

"माझं?" दादा म्हणाले. "माझं कोण तपासणार? मीच शेवटचा. माझी सही झाली की संपलं. कुणाची छाती नव्हती माझ्या कामाला पाना लावायची."

हे वाक्य ते आजवर शंभर वेळा, छाती फुगवून, बोलले असतील. या वेळी ते बोलून झाल्यावर त्यांनी ते ऐकलं. वहिनी सांगतात, त्या रात्री ते टीव्हीसमोर जाऊन जेवले. टेबल रिकामं असूनही ताट मांडीवर घेऊन बसले.

रविवारी हेलिकॉप्टर उडालं. कळ सरळ केली होती, डॉक्टरांनी पुन्हा पहिल्यापासून सगळं तपासलं होतं, आणि हिरव्या चिठ्ठीवरची सही या वेळी जरा वाकडी आली होती. नवशिक्यांसाठी पायांना बांधतात तसे दोन आडवे दांडे बांधले होते, त्यांच्या टोकांना प्लॅस्टिकचे चेंडू. दादा मागे उभे राहिले. पाती फिरू लागली, त्यांचा आवाज चढला, गवत झोपलं. मग चेंडूंखाली उजेड दिसला. एक वीत, दोन विती, गुडघाभर. यंत्र थरथरत, पण सरळ, हवेत उभं राहिलं. नाक जरा ढळायचं आणि शेपूट त्याला परत आणायची. पाऊण मिनिट. दादांचे अंगठे पांढरे झाले होते. त्यांनी ते अलगद खाली उतरवलं, आणि पाती थांबेपर्यंत तिथेच उभे राहिले.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सेक्रेटरी मागचं सगळं विसरून पुढे आले आणि म्हणाले, वा दादा, शेवटी तुमचं काम ते तुमचं काम, त्यात बघायचं काय असतं.

हे बोलायची त्यांना काही गरज नव्हती. दादांचा चेहरा लालबुंद झाला. आयुष्यभर हे ऐकून ते फुशारले होते. आता त्यांना वाटलं, याच एका वाक्यानं या लोकांनी बत्तीस वर्षं आपल्याला वाऱ्यावर सोडलं. आपण जगाच्या मागे डोळ्यांत तेल घालून फिरलो, आणि आपल्या मागे कुणी एकदाही फिरलं नाही. साहेब सही बघायचे आणि कागद पुढे ढकलायचे. माणसं कौतुक करायची आणि दार लावून वर जायची. याला मान म्हणतात? दादांना तर तो शुद्ध आळस दिसला, आणि त्या आळसावर आपण इतकी वर्षं खूश होतो याची त्यांना जास्त चीड आली.

त्यांनी रिमोट डॉक्टरांच्या हातात दिला, खिशातून फोन काढला आणि तिथेच, गवतात उभं राहून, गॉगलला फोन लावला. गॉगल म्हणजे त्यांच्या हाताखाली शिकलेला फिटर. डोक्यावर कायम गॉगल चढवलेला असतो म्हणून ते नाव. आता तो दादांच्या जागी होता. बाळंतपणाच्या इस्पितळातल्या मोठ्या लिफ्टचे, खाटेसकट बाईला वर नेणाऱ्या लिफ्टचे, ब्रेकचे पट्टे दादांनी नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात बदलले होते. एकट्यानं. दादांनी विचारलं, त्यानंतर तो ब्रेक कुणी उघडून पाहिला?

गॉगल हसला. म्हणाला, "तुमच्या सहीवर मी काय बघणार, दादा? तेवढा एक ब्रेक आम्ही सोडूनच देतो. तुम्ही केलाय म्हटल्यावर."

"सव्वा वर्ष?"

"हो ना."

मैदानावर सगळे वळून बघायला लागले होते. दादांचा आवाजच तसा चढला होता. त्यांनी सांगितलं, उद्या सकाळी आठ वाजता लिफ्ट बंद ठेव. ब्रेक पूर्ण उघड, एकूण एक नट सोड, आणि मी जिथे उभा राहायचो तिथे उभा राहू नकोस. भिंतीला आरसा लाव, आडवा पड, काय वाट्टेल ते कर, पण पलीकडून बघ. मी खाली दारात उभा असतो, तू बघून होईपर्यंत एकाही बाईला आत जाऊ देणार नाही.

गॉगल आता घाबरला होता. त्यानं विचारलं, "दादा, त्यात काही चुकलंय का?"

"ते मला कसं कळणार?" दादा ओरडले. "ते मी केलंय."